धक्क्याचे दगड

फार जुन्या काळी एका बंदरात झावळ्यांची खोपी होती. तिथे टांगलेला म्हातारा तराजू गलबतांतून उतरणारा माल तोलायचा, मग त्यावर जकात ठरायची. एके वर्षी राजाने पक्के जकातघर बांधायला पैसे पाठवले. कारभाऱ्याने ते सगळे सागवानी दरवाजावर आणि रंगीत काचांवर उडवले. भिंतींच्या आणि उंबऱ्याच्या दगडांना पैसे उरले नाहीत, तेव्हा गलबते जिथे लागत तो धक्काच उपसून आणला.

नवे जकातघर आता आपल्या आत टांगलेल्या तराजूला म्हणाले, "त्या खोपीकडे कोण बघत होतं? आता माझ्या दारात गलबतांची रीघ लागेल."

नारळी पौर्णिमेनंतर गलबते आली. मोडका धक्का पाहून ती तशीच पुढच्या बंदराकडे वळली.

"त्यांना माझा दरवाजा दिसला नाही का?" जकातघराने विचारले.

"दिसला की," तराजू म्हणाला. "पण दोर कुठे बांधतील, बाबा? जरा आपला उंबरा बघ."

उंबऱ्याच्या दगडावर वर्षानुवर्षे दोर घासून पडलेली खोल खाच होती.

जकातघराला शरमेने तोंड फिरवावेसे वाटले. पण ते समुद्राकडे तोंड करूनच बांधलेले होते, आणि दूर जाणारी शिडे अजून दिसत होती.