सरळ नदीचा राजा

फार पूर्वी एक राजा होऊन गेला. त्याला वाकडं काही म्हणजे काही खपत नसे. दरबाऱ्यांना मिशासुद्धा पट्टी धरून कापाव्या लागत. एक दिवस त्याची नजर नदीवर गेली. ती वळणं घेत यायची, डोहात रेंगाळायची, दगडांशी खेळत बसायची.

"आळशी आहे ही," राजा म्हणाला. "सरळ करा."

प्रधानाने हळूच आठवण करून दिली, की खडस मासे त्या डोहांतच राहतात. खडसाचं कालवण म्हणजे राजाचा जीव की प्राण. पण राजा म्हणाला, नदी सरळ झाली की मासेही सरळ वागतील.

वळणं बुजली, दगड उचलले गेले. वरच्या अंगाला बांध घालून त्याला दार बसवलं. सकाळी नगारा झाला की दार उघडायचं आणि राजाची अंघोळ आटोपली की बंद. एरवी नदीत घोटाभर पाणी. माशांनी काठाला घातलेली अंडी दुपारपर्यंत वाळून जात.

हळूहळू राजाच्या ताटातून मासा गेला. मासे धरून पोट भरणाऱ्या भोयांच्या तर चुलीच विझल्या. ते बिचारे गाव सोडायला निघाले. हे लोक मासे लपवतात, असं म्हणत राजा स्वतःच जाळं घेऊन नदीत उतरला. तेवढ्यात नगारा झाला आणि पहारेकऱ्याने हुकमाप्रमाणे दार उघडलं.

राजा वाहत सुटला. धरायला दगड नाही, थांबायला वळण नाही. थेट शेजारच्या राज्यातल्या डोहात जाऊन तो अडकला. पाहतो तर भोवती खडसच खडस.

"हे माझे मासे आहेत," राजा धापा टाकत म्हणाला.

काठावरचा शेजारी राजा शांतपणे म्हणाला, "असतील. तुम्ही आलात तसेच तेही आले. हुकमाने परत येतात का, बघा."

राजा ओल्या अंगाने घरी आला. भोयांना हात जोडून थांबवलं, त्यांच्यासोबत वळणं उकरली, दगड मांडले. पाणी दिवसभर वाहू दिलं, पावसाळ्यात तर दार सताड उघडं ठेवलं. पहिलं वर्ष माशांवाचूनच गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात डोहात एक खडस दिसला. आचाऱ्याने लगबगीने मसाला वाटायला घेतला.

राजा कितीतरी वेळ काठावर बसून त्या माशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आज पिठलं करा."

तात्पर्य: घर मोडायला एक हुकूम पुरतो, गेलेल्यांनी परत यावं म्हणून मात्र राजालाही वाट पाहावी लागते.