कॅतरीनबायची फळी

गोव्याच्या सीमेवरल्या एका छोट्या शहरात कॅतरीनबायचा गुत्ता होता. काजूचा हुर्राक आणि जांभळाची वाइन ती स्वतःच्या हाताने करी. दारासमोरच्या गटारावर तिने माडाची एक अरुंद फळी टाकली होती. तिसरा पेला हवा असेल, तर गिऱ्हाइकाने आधी त्या फळीवरून पलीकडे जाऊन यायचं. पाय घसरला, की त्या दिवशीचं पिणं बंद.

एके दिवशी नगराध्यक्ष भाऊसाहेब तिरोडकर आले. "फळीबिळी लोकांसाठी. मला ओत!" म्हणत त्यांनी हुर्राकाचे पाच पेले रिचवले आणि टेबलावर मूठ आपटली.

"नुसतं पाणी विकतेस तू! उद्याच तुझा परवाना रद्द करवतो!"

कॅतरीनबाय मात्र पेला पुसतच राहिली.

"असेलही, भाऊसाहेब. पण पाच पेले पाणी प्यालेल्या माणसाला ती फळी म्हणजे हमरस्ता. एकदा पलीकडे जाऊन या, परवाना मीच तुमच्या हातात ठेवते."

भाऊसाहेब ताठ मानेने दाराशी गेले. बराच वेळ समोर बघत राहिले. मग मागे वळून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं,

"दोन्हींतल्या कुठल्या फळीवरून जाऊ?"