मामाचा रुसवा आणि दगडाचा अंतरपाट

एका राज्यात घडलेली ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतः त्या लग्नात जेवलो. म्हणजे लग्न माझ्या पणजोबांच्याही आधीचे, पण तिथली जिलबी मला अजून आठवते.

राजाचे नाव उग्रभान. नाव उग्र, स्वभाव नुसता घाईचा. त्याची एकुलती एक लेक केतकी बोहल्यावर उभी राहिली. भटजींनी "तदेव लग्नं" म्हटले. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात खाली घेतले, तर मध्ये कापड नव्हते, काळ्या पाषाणाची भिंत होती. अलीकडे वधू, पलीकडे वर. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षतांचे खडे झाले.

"हा मामाचा शाप," म्हातारे प्रधान म्हणाले. "दिवस मावळण्याच्या आत मामा वधूच्या मागे उभा राहिला नाही, तर ही भिंत कायमची."

केतकीची आई कधीच देवाघरी गेली होती. आईचा भाऊ ओघराज मोठा मांत्रिक. एकदा मंत्र उलटला आणि तो धबधबा होऊन डोंगरात राहिला. लग्नाचे बोलावणे घेऊन स्वार गेला, तेव्हा धबधबा म्हणाला, "नको, मी काय करू येऊन?" स्वाराने निरोप आणला आणि राजा घाईत "बरे" म्हणून मोकळा झाला. त्या राज्यात पहिले "नको" म्हणजे नुसते घसा साफ करणे, हे पोरासोरांनाही ठाऊक. मामा रुसला. त्याने अख्खा डोंगर घोंगडीसारखा तोंडावर ओढून घेतला आणि तो कोणाला दिसेनासा झाला.

राजा निघाला. वराची आई, राणी सुलक्षणा, मानाचा हिरवा शालू कमरेला गुंडाळून संगती निघाली.

"विहीणबाई, आपण कशाला?"

"माझा मुलगा तिकडे ताटकळला आहे, व्याही. शिवाय तुमचे बोलावणे कसे असते ते पाहिले."

राजा आजवर पालखीवाचून हिंडला नव्हता. करवंदीच्या जाळीत त्याचे धोतर फाटले, शेवाळल्या कातळावर तो धपकन बसला. विहीणबाई मागून म्हणाल्या, "बसा, बसा. आम्हांला मांडवात कोणी बसासुद्धा म्हटले नाही."

वाटेत कातळाची कमान लागली. राजा वाकला, तशी कमानही वाकली. तो आणखी वाकला, ती आणखी वाकली.

"मुकुट काढा," विहीणबाई म्हणाल्या. "डोंगर तुमची रयत नव्हे."

मुकुट दगडावर ठेवताच कमान हत्ती जाईल एवढी उंच झाली.

पुढे वाटेला तीन फाटे फुटले. उंबरावर धनेश पक्षी बसला होता.

"पक्षिराज, वाट सांगा. हा लाडू घ्या."

"नको," धनेश म्हणाला. "आत्ताच खाणे झाले."

राजाने लाडू शिदोरीत परत ठेवला. विहीणबाईंनी त्याचा शेला ओढला. "अहो, इथेच तर तुमचे बिघडले. पुन्हा विचारा."

"घ्या ना, पक्षिराज."

"गळ्याशी आले आहे."

"अर्धा तरी. माझ्यासाठी."

धनेशाने अख्खा लाडू गिळला, चोच फांदीला पुसली आणि सांगितले, "डावीकडे जा. पाणी ऐकू येईल पण दिसणार नाही, तिथे हात जोडा."

ते तिथे पोचले तेव्हा उन्हे पिवळी झाली होती. डोंगराच्या पोटात पाणी गर्जत होते आणि समोर नुसता कोरडा कडा.

"मेहुणेबुवा, लग्नाला चला," राजा म्हणाला.

"नको. माझ्यावाचून काय अडले आहे?"

"सगळेच अडले आहे. चला."

"मी ओला माणूस, मांडवात चिखल होईल. शिवाय डोक्याला पागोटे नाही."

राजाचा हात डोक्याकडे गेला. डोके बोडके. विहीणबाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी कमरेचा शालू सोडून पुढे केला. "हा माझा मान. याचे पागोटे बांधा. माझे राहिले तरी चालेल."

तरी कडा हलला नाही. ऊन कड्याच्या टोकाशी पोचले. तिसऱ्या खेपेला राजाला आग्रहाचे शब्दच सुचेनात.

"पोरगी सारखी मागे वळून बघते," तो म्हणाला. "मागे कोणी नाही."

डोंगर घोंगडीसारखा बाजूला सरकला. धबधब्याने हिरवे पागोटे बांधले, दोघांना खांद्यांवर घेतले आणि तो दऱ्याखोऱ्या उतरत निघाला. वाटेत मुकुट दिसला, पण राजाने थांबा म्हटले नाही. सूर्य टेकतो न टेकतो तोच केतकीच्या पाठीवर गार तुषार पडले. तिने मागे पाहिले नाही, ओळखले. पाषाण भिजला, मऊ झाला, कापड होऊन गळून पडला. खड्यांच्या अक्षता झाल्या. मांडवात चिखल झाला आणि सगळे त्यातच जेवले. मामा नगराशेजारच्या टेकडीवर कायमचा राहिला, अर्थात तिसऱ्यांदा "राहा ना" म्हटल्यावर.

आता खरे सांगतो. बोलणारा धनेश, दगडाचा अंतरपाट, पागोटे बांधून चालत आलेला धबधबा, यात मी पदरचे काही घातलेले नाही. पण विहिणीने आपला मान आपल्या हाताने सोडून दिला, तेवढे मात्र मी रचले आहे.