हुप्प्याची उडी

फार मागे, एका खोल घळीच्या काठी वानरांची टोळी राहायची. त्यांचा म्होरक्या हुप्प्या रोज फांदीवर बसून सगळ्यांच्या उड्यांतल्या चुका काढायचा. "आधी अंग आखडून घे! नजर पलीकडच्या फांदीवर ठेव!"

म्हातारी वानरीण म्हणायची, "अरे, कधी तूही मारून बघ की."

"मला येते गं," तो हसायचा.

एका उन्हाळ्यात वणवा पेटला. सगळी टोळी घळ ओलांडून गेली. हुप्प्या शेवटी काठावर आला, आणि फांदीला घट्ट धरून तिथेच थबकला.

पलीकडून टोळी जीव तोडून ओरडत होती, "अंग आखडून घ्या! नजर फांदीवर ठेवा!"

हुप्प्याला ते सगळं पाठ होतं. पायांना मात्र त्याने कधी शिकवलंच नव्हतं.