रापणीची पकड

दरवर्षी जून उजाडला की शहरातलं कुणीतरी खाडीकाठच्या गावांतल्या धिप्पाड मुली वसतिगृहाचं आणि नव्या बुटांचं आमिष दाखवून घेऊन जातं, आणि हिवाळ्यात त्याच गावांना हसत विचारतं, तुमचा कबड्डीचा संघ असा काटकुळा कसा?

अशाच एका गावाच्या कॉलेजात शमिता कुबल नावाची क्रीडाशिक्षिका होती. तिच्याकडे उरलेल्या मुली बारीक होत्या. दर्शना तर पायाने संथ. तरी शमिता त्यांना शहरी संघाचेच डाव शिकवी: झेप घ्या, घोटा धरा, एकटीने पाडा. मुलीच पडत. चढाई करणारी हसत परत जाई. प्राचार्यांनी बजावलं होतं, यंदा पहिला सामना हरलात तर संघ बंद.

एका पहाटे ती किनाऱ्यावर बसली होती. धुक्यात समुद्र कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते, कळत नव्हतं. त्या धुक्यातून रापण ओढली जात होती: समुद्रात अर्धवर्तुळ टाकलेलं लांबलचक जाळं, त्याच्या दोन टोकांना दोन दोर, दोरांवर म्हातारेकोतारे आणि बाया. पैलवान एकही नाही. आपण अजून झोपेतच आहोत, असं शमिताला वाटलं. तिने दोर ओढणाऱ्या चंद्रीकाकीला विचारलं, एवढा जोर येतो कुठून?

"जोर कसलो, बाय? दोनय टोकां बरोबर चलूक व्हयी. एक धावला, मासो गेलो."

त्या दिवसापासून झेप बंद. मुली हात धरून साखळी करत, चढाई करणारीला खोल आत येऊ देत, आणि साखळीची दोन टोकं तिच्यामागे हळूहळू मिटवत. एका टोकाला ओवी, सगळ्यांत चपळ. दुसऱ्या टोकाला दर्शना, कारण तिने धरलेला हात कधी सुटत नसे. गावाने सुचवलं, दर्शनाला वगळा. ओवीही कुरकुरली, हिच्यासाठी मी का थांबू?

"थांबू नकोस," शमिता म्हणाली. "तिच्याबरोबर चाल."

सामना शहरी संघाशीच पडला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. आत आली नयना, गेल्या वर्षी याच गावातून नेलेली. तिला दर्शनाचे पाय ठाऊक होते. ती त्याच बाजूला खोल घुसली, आणि ओवीसमोर तिची पाठ उघडी पडली. एक झेप घेतली की ओवीचं नाव झालं असतं. शमिताच्या ओठांवर 'घे' आलं. तिने ते गिळलं.

ओवीने पाऊल आवरलं. पलीकडे दर्शनाने एक टाकलं. मग दोघींनी एकेक. भरतीचं पाणी चढावं तसं सात जणींचं वर्तुळ मिटत गेलं, आणि नयनाचा दम आतच संपला.

संघ वाचला. आपल्याच गावची मुलगी पकडली, हे शमिताने काकीला जरा अभिमानाने सांगितलं. काकी जाळं झटकत म्हणाली, "चेडवाक धरलस, ता बरा केलस. आता तेका घराक जेवूक घेवन ये."

तात्पर्य: बलवानांची नक्कल करणारे दुबळेच राहतात, आपल्यातल्या सर्वांत संथ पावलाशी पाऊल जुळवणाऱ्यांना मात्र कुणी सहज ओलांडून जात नाही.