ड्यूकसाठी उघडलेलं दार

फार वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डोंगरावर नन्सचा मठ होता. एकदा आत गेलेली बाई तिथून पुन्हा बाहेर येत नसे. नातलगांशीही ती लोखंडी जाळीआडूनच बोले. तरुण ओर्तेन्सिया तिथे आपखुशीने आली होती. पण तिचा काका, म्हणजे त्या मुलखाचा ड्यूक, तिचं लग्न एका म्हाताऱ्या सरदाराशी ठरवून बसला होता.

एके सकाळी तो धाकट्या भावाला आणि शिपायांना घेऊन दारात आला.

"दार उघडा! मी आत येऊन पोरीला घेऊन जाणार!" तो गरजला.

ओर्तेन्सिया मठाच्या प्रमुख मदर फाउस्तीनांकडे बघत राहिली. आता या काय करणार? मदरनी चक्क अडसर काढला आणि दार सताड उघडलं.

"या, महाराज. फक्त तुमच्या पणजोबांनी इथे एक नियम घालून दिलाय. जो उंबरा ओलांडेल, त्याने मरेपर्यंत आतच राहायचं. बाई की पुरुष, हे काही ते बोलले नाहीत. तुमच्यासाठी खोली झाडून ठेवलीय."

ड्यूकचा उचललेला पाय तसाच राहिला. पणजोबांचा शब्द मोडणार नाही, अशी शपथ घेऊनच तो गादीवर बसला होता. त्याने वळून पाहिलं.

धाकटा भाऊ अदबीने म्हणाला, "दादा, तुम्ही निर्धास्त आत जा. राज्य मी सांभाळतो."

ड्यूक झटकन मागे फिरला. ओर्तेन्सियाचं नावही न घेता तो घोड्यावर बसला, आणि घरी पोचेपर्यंत त्याने भावाला नजरेआड होऊ दिलं नाही.