वन्स मोअर

रात्रीच्या टीव्ही शोमध्ये विनोदवीर वसंता घैसास पेटी वाजवत पाहुण्यांबरोबर गायचा. एकदा सुपरस्टार शौर्यराज आला आणि गुरगुरला, "असल्या विदूषकाबरोबर मी गाणार? आधी ती पेटी हटवा!"

पेटी हटली. शौर्यराज एकटाच गायला. गाता गाता त्याने तीन कोलांट्या उड्या मारल्या, तरी सूर तसूभर हलला नाही. वसंताने ओळखलं, आवाज रेकॉर्डिंगचा आहे.

गाणं संपताच तो ओरडला, "वन्स मोअर! आता म्युझिक बंद, नुसत्या टाळ्यांवर!" प्रेक्षकांनीही तोच धोशा लावला.

शौर्यराजने घाईघाईने गळा धरला. "घसा बसलाय हो माझा."

"मग घशाला त्रास कशाला देता, साहेब?" पेटी पुन्हा पुढ्यात ओढत वसंता म्हणाला. "गातो मी. तुम्ही मघासारखे नुसते ओठ हलवा."